जत्रा आणि मोगरी

जत्रा म्हटली कीं सुशिक्षित घरांत धूळ, गर्दी आणि गोडशेव एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु हा शब्द संस्कृत 'यात्रा' याचाच अपभ्रंश होय, आणि त्याचें कूळ थोर आहे. रामकथेवरील भवभूतीचें 'उत्तररामचरित' कालप्रियनाथाच्या यात्रेंत जमलेल्या रसिकांपुढें झालें, असें त्याच्या प्रस्तावनेवरूनच कळतें. देवालय, बाजार आणि विद्या हीं त्या काळीं एकाच अंगणांत नांदत.

जळगांवचा श्रीरामरथोत्सव याच कुळांतला. अप्पा महाराजांनीं जुन्या गांवांतील श्रीराममंदिरांतून तो १८७२ सालीं सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून देवाची स्वारी निरनिराळ्या वाहनांवर निघते व एकादशीस रथ निघतो. धुळ्यास बालाजीचा रथ आश्विन शुद्ध एकादशीस, म्हणजे बरोबर एक महिना आधीं असतो.

या तिथीची निवड लक्षांत घेण्याजोगी आहे. आषाढांत निजलेले भगवान विष्णु कार्तिकी एकादशीस जागे होतात, म्हणून ती प्रबोधिनी. चातुर्मास्य म्हणजे पावसाळा. नद्यानाल्यांना पूर, वाटा चिखलाच्या. कार्तिकांत वाटा वाळतात, बाजरी घरांत आलेली असते, ज्वारी कापणीस येते, कापसाची वेचणी चालू होते. देव उठला म्हणजे शेतकरीही गाडी जुंपून दर्शनास निघे. तुळशीच्या लग्नास ऊस, बोरें, आवळे लागतात, तोही नव्या हंगामाचाच नैवेद्य.

रथाचे दोर ओढावयास शेंकडों हात असतात. पण रथ चालतो तो मोगरीवर. चाकाखालीं लांकडी मोगरी घालून रथ थांबवावयाचा व वळवावयाचा, तोही अरुंद गल्ल्यांतून. ओढणारास बळ पुरे. मोगरीवाल्यास नजर, धैर्य आणि वर्षानुवर्षांची संवय लागते. ही विद्या शाळेंत मिळत नाहीं. वाटेंत भिलपुऱ्यांत लालशा बाबांच्या समाधीपाशीं रथ थांबतो व संस्थानातर्फें समाधीवर फुलांची चादर अर्पण होते. रामाचा रथ मुसलमान साधूस मान देऊन पुढें जातो, हा धडाही त्याच शाळेबाहेरच्या विद्येंतला.

आणि आपण? रथाचें दर्शन आतां गच्चीवरून, नाहीं तर मोबाईलवर घेतों. एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, इतकेंच पोरांस ठाऊक. जो दोरास हात लावीत नाहीं त्यास रथ आपला वाटावा कसा? आपण सोडलेली जागा रिकामी राहत नाहीं. ती गोंगाट भरून काढतो, आणि मग आपणच म्हणतों कीं जत्रा बिघडली.

येत्या कार्तिकांत वाचकांनीं मुलांस घेऊन खालीं उतरावें, अशी आमची विनंती आहे. आधीं तिथीचा अर्थ सांगावा, दोरास हात लावूं द्यावा, मोगरीवाल्याचे हात दाखवावे. गोडशेव परततांना घेतां येईल.