रेषांचा चित्रपट

अॅनिमेशन म्हणजे मुलांची करमणूक, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे एखाद्या गंभीर चित्रकाराने या माध्यमाला हात घातला की त्याच्या कामाकडे विरंगुळा म्हणून पाहिले जाते. अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांच्या चित्रपटांच्या वाट्याला अशीच उपेक्षा आली.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले पदमसी तोवर चित्रकार म्हणून नावारूपाला आले होते. १९६९ साली त्यांना जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली. त्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी चित्रशाळा बांधली नाही. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकत्र काम करावे म्हणून मुंबईत ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ उभारले. तेथेच १९७० मध्ये ‘सिझिजी’ हा लघुपट तयार झाला. ग्रहगोल एका रेषेत येणे, असा या शब्दाचा अर्थ आहे.

या लघुपटात कथा नाही, पात्रे नाहीत, ध्वनीही नाही. बिंदू, रेषा आणि भौमितिक आकृत्या एवढाच त्याचा संसार! पदमसींनी त्यासाठी सुमारे एक हजार रेखाटने केली आणि ज्येष्ठ अॅनिमेशनकार राम मोहन यांनी त्यांच्या चित्रीकरणास साहाय्य केले. चित्रपटात एका सेकंदाला साधारणतः २४ चौकटी सरकतात. त्या हिशेबाने हजार रेखाटने पाऊण मिनिटही पुरणार नाहीत. लघुपट मात्र दहा मिनिटांहून मोठा आहे. म्हणजे येथे हालचालीचा भास निर्माण करण्याची घाई नाही. एक रेषा दुसरीला कसा जन्म देते, हे प्रेक्षकाने थांबून पाहावे, अशी अपेक्षा आहे.

हे सामान्य माणसाला कळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. परंतु अंगणातली ठिपक्यांची रांगोळी पाहताना तिचा अर्थ कोण विचारतो? ठिपके जोडले जातात आणि डोळा आपोआप मागोमाग जातो. ‘सिझिजी’ पाहण्यास याहून वेगळी पात्रता लागत नाही.

खरी खंत निराळीच आहे. पदमसींचा दुसरा लघुपट, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, आज उपलब्ध नाही. त्याची एकुलती एक प्रत हरवली. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी या हरवलेल्या कृतीचा मागोवा घेणारा चित्रपट केला, तेव्हा वृद्ध पदमसींच्या आठवणींचाच आधार उरला होता. याच कार्यशाळेत तरुण नलिनी मलानी यांनी १९६९ साली केलेला ‘ड्रीम हाउसेस’ सुदैवाने टिकला. पुढे त्यांनी तो आपल्या ‘युटोपिया’ या कलाकृतीत सामावून घेतला.

तैलचित्राला गिऱ्हाईक असते, म्हणून ते जपले जाते. चित्रफितीच्या डब्याला गिऱ्हाईक नसते. तो जपण्याची जबाबदारी म्हणूनच सार्वजनिक संग्रहालयांवर येते, आणि अशा डब्याची निदान दुसरी प्रत काढून ठेवणे हे काही फार खर्चाचे काम नव्हते.