उंबरठ्याबाहेर गेलेली नावे

कागदाचे भाव चढले, पाऊस लांबला आणि आमच्या एका ज्येष्ठ लेखकमित्रांचा लेख प्रथमच मुदतीपूर्वी हाती आला. सालाबादचा जमाखर्च एवढाच, आणि जुन्या वाचकांनी तो यंदा गोड मानून घ्यावा, कारण वर्षभर मनाला बोचत राहिलेले शल्य निराळेच आहे.

आषाढात एका खेड्यातील प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला असता, मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात कुलूपबंद असलेले दाखलखारीज रजिस्टर आम्ही पाहिले. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात असा सारा तपशील ज्यात असतो, तो हा कायमचा दस्तऐवज. त्यातील उतारा अर्जावाचून, सही-शिक्क्यावाचून कोणास मिळत नाही. आणि त्याच खोलीत, त्याच घटकेस, वर्गातील 36 मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक यांची यादी शिक्षिकाबाई स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकीत होत्या. वरून 'तात्काळ' असा तगादा आला होता, आणि ती यादी संध्याकाळपर्यंत किती हातांत गेली याची नोंद कोणत्याही जावक रजिस्टरात होणार नव्हती. पाठोपाठ पोषण आहाराच्या पंगतीचे छायाचित्र गेले. चेहरे स्पष्ट नसतील तर फोटो परत मागतात, असे बाई अगदी निर्विकारपणे म्हणाल्या.

आम्ही यंत्रद्वेष्टे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळताच त्यातील निम्मी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटण्याचे जाहीर केले, तेव्हा आमचाही ऊर भरून आला होता. पण त्या कोडाच्या वाटेने ज्ञान मुलापर्यंत येते. आमची तक्रार आहे ती मुलापासून बाहेर वाहणाऱ्या ओघाविषयी.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली. शासकीय कामांना त्यात सवलती आहेत हे आम्ही जाणतो. परंतु कायद्याने दिलेली सवलत म्हणजे बेफिकिरीची सनद नव्हे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात कोणते बटण दाबावे हे तासन्‌तास शिकवतात. काय पाठवू नये, हे शिकवायला मात्र कोणी उभे राहत नाही. आणि शिकवले तरी उपयोग काय, जोवर नकार देणाऱ्या शिक्षकाचा गोपनीय अहवाल काळवंडण्याची धास्ती आहे? गटावरचा निरोप हा हुकूम नव्हे, मुलांची माहिती लेखी मागणीवाचून आणि शाळेच्या दप्तराबाहेरच्या खाजगी फोनवरून जाणार नाही, असे एक परिपत्रक शिक्षकाच्या हाती द्या. मग त्याला इंटरनेटच्या सुरक्षिततेवर खुशाल व्याख्याने ऐकवा.

यंदाच्या अंकाचा विषय 'उंबरठा' आहे, आणि ही सारी कैफियत त्यात ओढूनताणून बसवली, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. मात्र बालविभागातील चित्रांखाली या वेळी मुलांची केवळ पहिली नावे आहेत. आडनाव, गाव, शाळा आणि छायाचित्र आम्ही गाळले आहे. त्याबद्दल रुष्ट झालेल्या पालकांची चार पत्रे दप्तरी दाखल झाली असून, त्यांतील एकाने पुढील वर्षाची वर्गणी बंद करण्याचे कळवले आहे.