चालतंय ना? मग कशाला हात लावता?

मंडळी, हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर उत्तर लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणाऱ्यांत ऑफिसातले मित्र आहेत आणि आमचे मामाही आहेत. मामांना संगणकात रस नाही, पण भाचा शनिवार-रविवार कसलं फुकटचं काम करत बसतो याची त्यांना काळजी वाटते :)

तर आधी नातेवाइकांसाठी थोडंसं. (सॉफ्टवेअरवाल्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रॅमरनं उचलून आपल्या कामात वापरावा असा तयार कोड म्हणजे लायब्ररी. ओपन सोर्स म्हणजे तो सगळ्यांना खुला, वापरायला आणि दुरुस्त करायलाही. माझी अशी एक छोटीशी लायब्ररी आहे. नव्वदच्या दशकात डीटीपीवाले ज्या फॉन्टांत मराठी टाइप करायचे, त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवणं हे तिचं काम. ती पायथन नावाच्या भाषेत लिहिलेली आहे. आणि या पायथननं आपला मांडलेला संसार मध्येच मोडून नवा मांडला.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं ते सांगूनच आलं, की जुना कोड माझ्यावर जसाच्या तसा चालणार नाही. प्रिंटला कंस सक्तीचे झाले. तीनला दोननं भागलं की पूर्वी उत्तर एक यायचं, ते दीड यायला लागलं. (आधीचं उत्तर आमच्या शाळेतल्या बाईंना दाखवलं असतं तर पट्टी मिळाली असती!) या गोष्टी त्यातल्या त्यात सोप्या. खरी गोम होती ती मजकुरात.

संगणक मजकूर साठवतो तो बाइटमध्ये. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे नुसत्या बाइटच. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर यायचं पंधरा. त्यातली पहिली चार कापून मागितली तर 'म' आणि पुढच्या 'र'चा एक तुकडा हातात यायचा. पायथन ३ त्याच शब्दाची लांबी पाच सांगतं. डोळ्यांना दिसतात तीनच, म, रा आणि ठी, पण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे पायथन ३ सुद्धा पूर्ण शहाणं झालेलं नाही. पण पंधरापेक्षा पाच बरे!

आता कुणी म्हणेल, पायथन २ मध्येही आधी 'यू' लावून खरा मजकूर लिहिता येत होताच की. होता. पण बाइट आणि मजकूर एकत्र आले की पायथन २ काहीही न बोलता बाइटचा मजकूर करून टाकायचं, आणि करताना गृहीत धरायचं की या बाइट साध्या इंग्रजी अक्षरांच्याच असणार. सगळं इंग्रजी असेपर्यंत हे बिनबोभाट चालायचं. ग्राहकाचं नाव 'स्मिथ' असलं तर काही नाही, पण 'शिंदे' आलं की प्रोग्रॅम कोसळायचा. बरं, कोसळायचा तो जिथे घोळ झाला तिथे नाही, तर चार फायली पलीकडे. देवनागरीतलं कुठलंही चिन्ह घ्या, यूटीएफ-८ मध्ये त्याची पहिली बाइट २२४ असते. त्या एररमध्ये ही २२४ मी इतक्या वेळा पाहिलीय की झोपेतही ओळखीन.

म्हणून "चालतंय ना?" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुणाचं चालतंय? ज्यांचा सगळा मजकूर इंग्रजीत होता त्यांना काही बिघडलेलं दिसतच नव्हतं, तेव्हा पायथननं चालतं घर पाडलं असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. आपल्यासारख्यांच्या खोलीचं छत मात्र पहिल्यापासून गळत होतं. आणि ती गळती बाकी काही न मोडता बुजवता आली असती असं मला वाटत नाही. बोलल्याशिवाय होणारं ते रूपांतर हाच तर दोष होता. ते काढलं की त्याच्या आधारावर उभा असलेला कोड पडणारच. तेव्हा पायथननं जुन्याशी असलेलं नातं तोडलं ते योग्यच केलं, आणि निदान देवनागरीवाल्यांनी तरी त्याबद्दल रडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पद्धतीबद्दल मात्र तक्रार आहे.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथपर्यंत सरळ हिशेब. पण एका आण्याचे किती? सव्वासहा! कोष्टक छापून मिळालं तरी तिथे अडायला व्हायचंच. तरी एक शहाणपण होतं, जुनी नाणी त्याच दिवशी बाद झाली नाहीत, दोन्ही काही वर्षं बाजारात सोबत चालली.

पायथनच्या मंडळींनी सुरुवातीला नुसतं कोष्टक दिलं. टू-टू-थ्री नावाचा प्रोग्रॅम होता, जुना कोड घालायचा आणि नवा काढायचा. प्रिंटचे कंस तो बरोबर घालायचा. पण इथे बाइट अभिप्रेत आहेत की मजकूर, हे त्याला कुठून कळणार? ते 'सव्वासहा' माणसानंच सोडवायचे होते. शिवाय रूपांतर केलं की कोडच्या दोन प्रती सांभाळायच्या. मग लायब्ररीवाले म्हणायचे, वापरणारे नव्यावर येत नाहीत तर आम्ही कशाला कष्ट घ्यायचे, आणि वापरणारे म्हणायचे, लायब्ऱ्या नव्यावर नाहीत तर आम्ही कसे येणार? यात काही वर्षं गेली.

कोंडी फुटली ती एकच कोड दोन्हीकडे चालवता यायला लागला तेव्हा. सिक्स नावाची छोटी लायब्ररी आली (दोन गुणिले तीन, म्हणून सिक्स!). सप्टेंबर २०१२ मध्ये पायथन ३.३ नं, आधी हद्दपार केलेला तो 'यू' परत घेतला. नव्या पायथनला त्याचा स्वतःला काही उपयोग नव्हता, जुन्याकडून येणाऱ्यांची सोय म्हणून घेतला. वेबसाइट बनवायला वापरतात त्या जँगोनं फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रायोगिक म्हणून पायथन ३ वर पाय ठेवला आणि डिसेंबर २०१७ मध्ये जुन्याला रामराम ठोकला. पायथन २ चा शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो २०१४ मध्ये २०२० पर्यंत पुढे ढकलला गेला. ही सोबत चालण्याची सोय पहिल्या दिवसापासून असती तर ही रखडपट्टी बरीच कमी झाली असती.

माझ्या लायब्ररीचं काम प्रिंटपाशी नाही, या सव्वासहापाशीच होतं. जुन्या फॉन्टातली फाइल म्हणजे मुळात मजकूर नसतोच, अक्षरांच्या तुकड्यांचे नुसते क्रमांक असतात. एखादा आकडा म्हणजे अर्धा 'श', दुसरा म्हणजे उभी काठी. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून फाइलमध्येही ती आधी येते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर जायला हवी. रफाराचं नेमकं उलटं. हातात असलेली वस्तू बाइट आहे की अक्षर, हे पायथन २ कधी विचारायचंच नाही. पायथन ३ प्रत्येक दारात अडवून विचारतं. तीन महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. पण आता आत येतात त्या बाइट आणि बाहेर पडतो तो मजकूर, आणि मधली सीमा एका फाइलीत बोटानं दाखवता येते.

हे काम फुकट होतं याचं मला वाईट वाटत नाही, हौस आहे. राग येतो तो एका कंपनीतून आलेल्या पत्राचा. अमुक तारखेच्या आत तुमची लायब्ररी नव्या पायथनवर आणा, आमचं काम अडलंय! मी उलट कळवलं की तुमच्या दहा-वीस खऱ्या फायली तपासून पाहायला द्या. उत्तर नाही. पैसे मागितले नव्हते हो, फायली मागितल्या होत्या. ज्यांचा धंदा अशा कोडवर चालतो त्यांनी निदान चाचणीला हात लावावा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आणि हे एकदा करून सुटत नाही. २०२० पासून दर ऑक्टोबरला पायथनची नवी आवृत्ती येते. २०२३ मध्ये ३.१२ नं डिस्ट-यूटिल्स काढून टाकलं, ज्याच्या भरवशावर जुन्या लायब्ऱ्या इन्स्टॉल व्हायच्या. २०२४ मध्ये ३.१३ नं तर टू-टू-थ्रीलाच निरोप दिला. याबद्दल मी तितकासा उत्साही नाही. सूचना आधी मिळते हे खरं, पण ही घरातली आवराआवर आहे. तिला २००८ च्या कामाचा मान देऊ नये.

माझ्या लायब्ररीतून मी पायथन २ कधीच काढलंय. त्यावर एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या चिटणीस काकांचा फोन आला. त्यांच्याकडे जुनं यंत्र, त्यावर पायथन २.७, आणि कपाटात दिवाळी अंकांच्या जुन्या डीटीपी फायली. "आमचं चालत होतं हो," काका म्हणाले. त्यांना मी कंपनीसारखं उत्तर देऊ शकलो नाही. जुनी शेवटची आवृत्ती जागेवर आहे, तीही राहील, पण तिच्यात आता दुरुस्त्या होणार नाहीत, हे सांगितलं. "मग नवी दुरुस्ती लागली तर?" "तर फायली पाठवा काका, मी इकडे करून देतो."

पहिला पेनड्राइव्ह गेल्या आठवड्यात आला. १९९६ चा अंक आहे. अनुक्रमणिका स्वच्छ आली, कथाही आल्या. कवितांच्या पानांवर मात्र रफार अजून भलत्याच अक्षरावर जाऊन बसतोय, आणि त्याला पायथन २ काय नि ३ काय, सारखंच. या शनिवारी तेच बघायचंय.