डेनिस ओ'नील : एका सोयीस्कर 'राक्षसा'ची कथा

९ जानेवारी १९४५. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, मिन्स्टर्लीजवळच्या बँक फार्म या शेतघरात १२ वर्षांचा डेनिस ओ'नील मरण पावला. छातीवर आणि पाठीवर मार, पायांवर चिघळलेले व्रण, उपासमारीने खंगलेला देह. ज्यांच्याकडे तो सांभाळायला दिला होता, त्या शेतकऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल ६ वर्षांची आणि त्याच्या पत्नीला हेळसांडीबद्दल ६ महिन्यांची कैद झाली.

अगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप'मागे हीच घटना आहे. म्हणून की काय, ती आजही रहस्यकथेसारखी सांगितली जाते : एक क्रूर जोडपे, एक दुर्दैवी मूल, पडदा. हा इतिहास नव्हे. ही जबाबदारांची सुटका आहे.

डेनिसला तेथे धाडले कोणी? वेल्समधील न्यूपोर्ट नगरपालिकेने. न्यायालयाच्या आदेशाने तो तिच्याच ताब्यात होता. शेतघर मात्र दुसऱ्या परगण्यात. देखरेख न्यूपोर्टने करायची की श्रॉपशायरने, या घोळात ती कोणीच धड केली नाही. युद्धामुळे माणसे अपुरी होती, हे खरे. पण २० डिसेंबरला न्यूपोर्टची एक लिपिक तेथे जाऊन आली होतीच! मुलगा आजारी व भेदरलेला आहे, त्याला हलवावे, असे तिने कळवले. मध्ये नाताळ आला. २० दिवसांनी डेनिस गेला.

सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीने हा कारभार उघडा पाडला. पुढे १९४६चा कर्टिस अहवाल आणि १९४८चा बालक कायदा आला. प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला मुलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा लागला. तोवर अनाथ, निराधार, न्यायालयाने ताब्यात घेतलेली मुले वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती.

'हे आधी कोणाला ठाऊक होते?' असा बचाव केला जातो. तोही टिकत नाही. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांचे निराधार मुलांच्या स्थितीविषयीचे पत्र 'द टाइम्स'ने छापले ते जुलै १९४४ मध्ये, म्हणजे डेनिस त्या शेतघरात पोचला त्याच सुमारास.

जोडप्याचे क्रौर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र परक्या घरात ठेवलेल्या मुलाला तक्रार करायला आईबाप जवळ नसतात, शेजार ओळखीचा नसतो. त्याला भेटायला येणारा सरकारी माणूस हीच त्याची एकमेव खिडकी. धाकटा भाऊ टेरेन्स त्याच घरात राहत होता. त्याची साक्ष घेतली गेली ती खटल्यात, डेनिसच्या मृत्यूनंतर.