गवत कापणारे यंत्र थांबते कधी?

युरोपातील अनेक बंगल्यांच्या हिरवळीवर आता गवत कापायला माणूस लागत नाही. थाळीएवढा एक यंत्रमानव दिवसभर फिरत राहतो आणि बॅटरी उतरली की स्वतःच चार्जिंगच्या जागी परततो. स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीने सौरऊर्जेवर चालणारे असे यंत्र १९९५ मध्येच बाजारात आणले होते. पण आरोग्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण वेगळाच आहे. ते कोणी उचलले किंवा ते उलटले, तर पाती आपोआप थांबतात. माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच ते घडवलेले असते.

पुणतांब्यात अशी हिरवळ कोणी राखत नाही. इथले गवत म्हणजे जनावरांचा चारा. १ जून २०१७ रोजी ज्या गावातून शेतकरी संपाची ठिणगी पडली, त्या गावाला दुधाचे अर्थकारण समजावून सांगण्याची गरज नाही. दावणीला गाई आल्या की घास, मका, उसाचे वाढे बारीक करायला कडबा कुट्टी यंत्र येते. बांधावरचे गवत काढायला खांद्याला अडकवायचा ग्रास कटर येतो. वेळ वाचतो, कंबर वाचते. मात्र ही यंत्रे माणूस चुकणार नाही, असे गृहीत धरून चालतात. हात आत गेला तरी ती थांबत नाहीत.

कुट्टी यंत्रात पात्यांच्या आधी रूळ असतात. चारा आत ओढणे हे त्यांचे काम. चारा आणि बोटे यांतला फरक त्यांना कळत नाही. ओला चारा अडकतो, शेवटची पेंढी आत जात नाही, म्हणून माणूस हाताने रेटतो. बोटे रुळात सापडली की हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. पदर, शर्टाची बाही, बांगड्या आणि उघडा पट्टा हे धोके वेगळेच. धारेची वेळ, अंधुक उजेड, दिवसभराचा शीण आणि जवळ खेळणारी मुले असा सगळा योग गोठ्यात रोज जुळून येतो.

ग्रास कटरचा धोका डोळ्यांना जास्त. फिरत्या पात्यावरून खडा किंवा काडी वेगाने उडते. काडीने बुबुळावर ओरखडा पडला तर तिथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास दृष्टी जाते. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकणे म्हणजे त्या बुरशीला मोकळे रान देणे. संरक्षक चष्म्याची किंमत डोळ्यापुढे काहीच नाही.

यंत्राची देखभाल म्हणजे तेल, धार आणि पट्टा एवढीच आपली समजूत आहे. रुळांवरचे आणि पट्ट्यावरचे झाकण ‘काम हळू होते’ म्हणून काढले जाते आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते. हे झाकण जागेवर ठेवणे ही देखभालच आहे. चारा उलटा फिरवणारा दांडा सहज हलतो की नाही, हे रोज पाहायला हवे. बंद करण्याचे बटण चारा टाकणाऱ्याच्या हाताशी हवे, गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीवर नको. अडकलेला चारा काढण्यापूर्वी वीज तोडावी आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, कारण जड चाक बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते.

अपघात झालाच तर पहिल्या काही मिनिटांतील शहाणपण हात वाचवू शकते. आधी वीज तोडावी. अडकलेला हात हिसकू नये. चाक हाताने उलटे फिरवून किंवा रूळ सैल करून तो सोडवावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. हळद, चहापूड, रॉकेल काहीही लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. मनगटाच्या वरचा भाग तुटला असेल, तर जोडण्यासाठी साधारण सहा तासांचाच अवधी असतो; त्यात स्नायू असल्याने तो लवकर खराब होतो. चेचलेले प्रत्येक बोट जोडता येत नाही, पण तो निर्णय शल्यविशारदाचा. तुटलेला भाग फेकून देण्याचा अधिकार कोणालाच नाही. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून त्याची लसही चुकवू नये.

तरीही सारा भार शेतकऱ्याच्या सावधपणावर टाकणे न्यायाचे नाही. मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्यांची संख्या पाहून केंद्राने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. तोच विचार कुट्टी यंत्रालाही काटेकोरपणे लागू व्हायला हवा. यंत्रासाठी सरकार अनुदान देते. त्याची अट म्हणून पक्के झाकण, उलटा दांडा आणि हाताशी बटण एवढे तरी तपासले जावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताने एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे, पण ती हात गेल्यानंतरची. त्या हाताने पुढची वीस-तीस वर्षे काढलेल्या धारा तिच्यात मोजलेल्या नसतात.

यंत्र शहाणे झाले म्हणजे मालकाची जबाबदारी संपते, असेही नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२१ मध्ये गवत कापणाऱ्या १८ यंत्रांची मृत हेजहॉग ठेवून चाचणी घेतली. स्पर्श होण्यापूर्वी तो प्राणी ओळखणारे यंत्र त्यांत एकही नव्हते. काही यंत्रांनी तर त्याला गंभीर इजा केली. तिथेही पाती बदलताना यंत्र आधी बंदच करावे लागते.

पुणतांब्याच्या गोठ्यात यंत्रमानव यायला अवकाश आहे. काढून ठेवलेले झाकण मात्र आज संध्याकाळी, धारेच्या आधी, पुन्हा बसवता येते. त्याला चार बोल्ट आणि एक पाना लागतो.