पाहुणा ताटावरून उठवू नका!

काय दोस्तांनो, पक्ष्यांचे फोटो काढायला परदेशी जावंसं वाटतं ना? अहो, परदेशचे पाहुणे आपल्याच दारी येतात! छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून निघालात, की पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं पट्टकदंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी मंगोलिया-तिबेटकडून थेट हिमालय ओलांडून येतात बरं का!

बेत असा आखा: सोबत मोठं माणूस, दुर्बीण, अंगात मातकट कपडे. उजाडताना काठावर पोचा आणि ऊन पाठीवर घ्या.

आता माझी फजिती ऐका. पहिल्याच सहलीत जवळून फोटो हवा म्हणून मी पुढं पुढं सरकत गेलो. एकानं मान वर केली, मग साऱ्यांनी. आणि अख्खा थवा उडाला! फोटोत उरलं नुसतं पाणी. खरं नुकसान मात्र त्यांचं झालं. परतीच्या प्रवासासाठी चरून चरून ते अंगात चरबी साठवतात. उगाच उडावं लागलं, की ती खर्च होते.

म्हणून माना वर झाल्या, की जागीच थांबा. फोटो हुकला तर हुकू दे. पाहुण्याला कुणी ताटावरून उठवतं का?