हत्ती, अंबारी आणि भुयारातली गाडी



लंडनला गेलेला आपला माणूस एका पत्त्यावर माथा टेकल्याशिवाय परत येत नाही. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ या काळात बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तिथे जायचे तर भुयारी रेल्वेच्या चॉक फार्म स्टेशनवर उतरावे लागते. गडद लाल, चकचकीत फरशांचे हे स्टेशन १९०७ सालचे. तिथून धावणारी गाडी नॉर्दर्न लाईनची.

घर पाहून, फोटो काढून बहुतेक जण राजवाडा आणि मोठे घड्याळ पाहायला निघून जातात. पण हीच नॉर्दर्न लाईन पुढे थेम्स नदीच्या पात्राखालून दक्षिण लंडनमध्ये शिरते. नदीपलीकडे तिच्यावर एक स्टेशन आहे, एलिफंट अँड कॅसल. आज त्या स्टेशनची आणि त्याच्या शेजारी पंचावन्न वर्षे उभ्या असलेल्या एका शॉपिंग सेंटरची हकीकत सांगायची आहे. गोष्ट परदेशातली असली तरी तिच्यातली माणसे तुम्हाला ओळखीची वाटतील.

आधी नाव. एलिफंट अँड कॅसल म्हणजे हत्ती आणि किल्ला. त्या नाक्यावर घोडागाड्यांची एक सराई होती, तिच्या पाटीवर हत्ती आणि त्याच्या पाठीवर बुरूज असे चित्र होते. १७६५ पासून या सराईच्या नावाची नोंद सापडते. स्पेनच्या कुणा राजकन्येच्या नावाचा हा अपभ्रंश, अशी एक गोष्ट लोक हौसेने सांगतात, पण तिला आधार नाही. चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाचे चिन्ह हत्ती होते, कारण सुरीच्या मुठी हस्तिदंताच्या असत. तिथूनच हे नाव आले असावे असे मानतात. पाठीवरचा तो किल्ला म्हणजे आपल्याकडची अंबारीच की! इंग्रज चित्रकाराने अंबारीला दगडी बुरूज करून टाकले, एवढाच फरक.

आता रेल्वे. लंडनमध्ये भुयारी गाडी सुरू झाली १८६३ साली, पण ती वाफेच्या इंजिनाची. रस्ता उकरायचा, रूळ टाकायचे, वर छप्पर घालायचे. आत धूर कोंडायचा. त्याआधी आणि त्या काळात जमिनीवरून ज्या रेल्वे आल्या, त्यांनी गरिबांच्या वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. जमीन जिथे स्वस्त तिथून रूळ न्यायचे, आणि स्वस्त जमिनीवर राहणार कोण? गरीबच. भाडेकरूच्या हातात नुकसानभरपाई म्हणून काही पडत नसे.

१८९० साली मात्र वेगळे काही घडले. सिटी अँड साऊथ लंडन रेल्वे या कंपनीने खोल जमिनीत, मातीच्या पोटात, लोखंडी कड्यांनी बांधलेले गोल बोगदे काढले आणि त्यांतून विजेवर गाडी चालवली. खोल बोगद्यातली जगातली पहिली विजेची रेल्वे ती हीच. जेम्स ग्रेटहेड नावाच्या अभियंत्याने पोलादी ढालीच्या आडोशाने खणण्याची रीत वापरली होती. बोगदे शक्यतो रस्त्यांच्याच खालून नेले, म्हणजे घरमालकांना पैसे द्यायला नकोत. हेतू काटकसरीचा, पण त्यामुळे वरची घरे वाचली. १८ डिसेंबर १८९० रोजी ती लोकांसाठी खुली झाली, आणि एलिफंट अँड कॅसल हे तिच्या पहिल्या सहा स्टेशनांपैकी एक.

या गाडीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा वर्ग नव्हता. कागदी तिकीटही नव्हते. फिरत्या फाटकापाशी दोन पेनी द्यायचे आणि आत जायचे. बँकेचा साहेब आणि त्याच्या कचेरीचा झाडूवाला, दोघांना दोन पेनीच, आणि डबाही तोच. डबे काही आरामाचे नव्हते. बोगद्यात बाहेर पाहण्यासारखे असते काय, म्हणून खिडक्या नुसत्या फटींएवढ्या ठेवल्या होत्या. लोकांनी डब्यांना नाव दिले ‘गादी लावलेल्या कोठड्या’! तरी बसायला सगळ्यांना एकच बाक. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आपल्याकडे मसूर स्टेशनवर एक लहान मुलगा भावंडांसह ताटकळत बसला होता, आणि जात कळताच बैलगाडीवाले त्याला गाडीत घेईनात. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेला तो प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

विजेवरून आठवले. विजेचे मूळ गणित ज्याने उलगडले तो मायकेल फॅरडे याच नाक्याजवळ, न्यूइंग्टन बट्स इथे, १७९१ साली जन्मला. लोहाराचा मुलगा. शाळा बेताचीच. पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. पालकांनी आपल्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावे. १९६१ साली चौकात त्याचे स्मारक उभारले, तेही कसे? पुतळा नाही, घुमट नाही. स्टीलच्या पत्र्याची एक मोठी चौकोनी पेटी, आणि तिच्या आत भुयारी रेल्वेला वीज पुरवणारे उपकेंद्र. स्मारक रोज कामावर आहे! आमच्या मते असे स्मारक शंभर पुतळ्यांच्या तोडीचे आहे.

१९०६ मध्ये बेकरलू लाईनही इथवर आली. दोन भुयारी लाईनी, वर जुनी रेल्वे, सहा रस्त्यांचा नाका. दुकाने, नाट्यगृहे, तीन हजारांवर आसनांचे ट्रोकाडेरो सिनेमागृह. दक्षिण लंडनची पिकॅडिली म्हणत तिला.

मग युद्ध आले. १९४० च्या शरदात जर्मन विमाने रोज रात्री बॉम्ब टाकू लागली. श्रीमंतांनी गाव सोडले किंवा पक्के तळघर गाठले. गरिबांच्या चाळींना तळघर कुठले? सरकारचे म्हणणे, भुयारी स्टेशनात आसरा घेऊ देणार नाही, गाड्या अडतील. लोकांनी काय केले? तिकीट काढले, अंथरूण-पांघरूण काखोटीला मारून खाली उतरले, आणि वर आलेच नाहीत. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. एलिफंट अँड कॅसलच्या फलाटावर दाटीवाटीने झोपलेल्या बाया, म्हातारे, मुले यांचे बिल ब्रँट या छायाचित्रकाराने नोव्हेंबर १९४० मध्ये काढलेले फोटो जगभर गाजले. पुढे १० मे १९४१ च्या रात्री वरचा नाका बॉम्बने आणि आगीने बेचिराख झाला. खालची माणसे जगली.

युद्धानंतर त्या राखेवर नवे स्वप्न रेखाटले गेले. मोठे रस्ते, मोटारींसाठी दोन वर्तुळाकार चौक, पादचाऱ्यांसाठी जमिनीखालची गल्ली, आणि मधोमध छप्पर घातलेले तीन मजली शॉपिंग सेंटर. मार्च १९६५ मध्ये ते उघडले. असे बंदिस्त बाजारकेंद्र युरोपात पहिलेच, अशी जाहिरात झाली, जरी बर्मिंगहॅमचे बुल रिंग वर्षभर आधीच उघडले होते. वर कचेऱ्यांचा मनोरा, त्याचे नाव हॅनिबल हाऊस. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा तो सेनापती! सराईच्या इमारतीवरचा जुना हत्तीही सेंटरने आपल्याकडे आणून ठेवला. नॉर्दर्न लाईनचे दार अगदी लागून.

सारे काही होते, फक्त दुकानदार नव्हते. उघडण्याच्या दिवशी बहुतेक गाळे रिकामे. अंधाऱ्या भुयारी गल्ल्यांतून, गाड्यांच्या गराड्यातून तिथे यायला लोक नाखूश. बड्या कंपन्या फिरकल्या नाहीत. १९९० च्या सुमारास इमारतीला भडक गुलाबी रंग फासला, आणि मग लंडनची सर्वांत कुरूप इमारत म्हणून वर्तमानपत्रे तिची टर उडवू लागली.

इथे खरी गोष्ट सुरू होते. बड्यांना नको म्हणून भाडे कमी, आणि भाडे कमी म्हणून ज्यांना दुसरीकडे कुणी उभे करीत नव्हते ते आले. आफ्रिकेचे, कॅरिबियन बेटांचे, आणि नव्वदच्या दशकापासून कोलंबिया, इक्वेडोर अशा दक्षिण अमेरिकी देशांचे लोक. यांतले पुष्कळ जण पहाटे कचेऱ्या झाडण्या-पुसण्याचे काम करणारे सफाई कामगार. कुणी केशकर्तनाचा गाळा टाकला, कुणी गावी पैसे पाठवण्याची खिडकी, कुणी शिंपीकाम, कुणी मक्याची भाकरी, जिला ते अरेपा म्हणतात. सेंटरभोवतीच्या सखल खंदकात टपऱ्यांचा बाजार भरू लागला. वरच्या मजल्यावर बिंगो, म्हणजे आपली हौजी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया, त्यांत काळ्या समाजातल्या पुष्कळ, दुपारी तिथे येऊन बसत. चार पैशांचा खेळ आणि चार माणसांची सोबत. नोकरी कुठे आहे, खोली कुठे मिळेल, कागदपत्रे कोण भरून देईल, हे सारे त्या बाजारात कळे. नव्याने मुंबईत आलेल्या आपल्या माणसाला चाळीतल्या गाववाल्याच्या खोलीवर जे मिळायचे, तेच.

बाजूला हेगेट नावाची पालिकेची वसाहत होती, १९७४ मध्ये पुरी झालेली, सुमारे १२०० घरांची. ती २०११ ते २०१४ या काळात पाडली. जागी आलेल्या अडीच हजारांच्या आसपास नव्या घरांत खऱ्या अर्थाने गरिबांना परवडतील अशी, सामाजिक भाड्याची घरे शंभराच्या आसपास. जुने रहिवासी लंडनभर आणि लंडनबाहेरही पांगले. मग पाळी शॉपिंग सेंटरची. २०१३ साली डेलान्सी या कंपनीने ते विकत घेतले. ज्या जागेला कुणी विचारीत नव्हते, ती आता सोन्याची झाली होती. कारण? दोन भुयारी लाईनी. पंधरा-वीस मिनिटांत शहराच्या मध्यात. स्टेशन १८९० पासून तिथेच होते, जागेचे मोल मात्र बिल्डरला १२० वर्षांनी दिसले.

विलायतेत पाडायला-बांधायला पालिकेची परवानगी लागते आणि तिथे कुणालाही हरकत घेता येते. बाबासाहेबांच्या घराचे स्मारक करायलाही ती लागली. २०१८ मध्ये कॅम्डन पालिकेने नाकारली आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी अपिलात दिली. इकडे गाळेधारक, टपरीवाले, विद्यार्थी, हौजीच्या आजीबाई एकत्र झाल्या. ‘अप द एलिफंट’ नावाने मोहीम उभी राहिली. त्यांचे मागणे साधे होते: आम्ही किती जण आहोत ते मोजा, आम्हाला परवडेल अशी जागा द्या, घरे वाढवा. २०१० चा समता कायदा सांगतो की सार्वजनिक संस्थेने निर्णय घेताना वृद्ध आणि वांशिक अल्पसंख्य यांच्यावर काय परिणाम होतो ते पाहिले पाहिजे. त्याच कायद्यावर त्यांनी बोट ठेवले. जानेवारी २०१८ मध्ये सदर्क पालिकेच्या समितीने मंजुरीची शिफारस फेटाळली. जुलैमध्ये मंजुरी मिळाली, पण आराखड्यातल्या ९७९ घरांपैकी सामाजिक भाड्याची घरे आता ११६ झाली होती. सुरुवातीच्या प्रस्तावात याच्या निम्मीसुद्धा नव्हती. ती कुणाच्या दयेने वाढली नाहीत.

मोहीम कोर्टातही गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयात हरली, २०२१ मध्ये अपिलातही हरली. २४ सप्टेंबर २०२० रोजी शॉपिंग सेंटरचे दरवाजे कायमचे बंद झाले. करोनाचा काळ, निरोपाला गर्दीही जमू शकली नाही. काही दुकानदारांना जवळच कॅसल स्क्वेअर नावाच्या तात्पुरत्या बाजारात गाळे मिळाले, पण सर्वांना नाही. आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आधी सर्वेक्षण, मग हलवाहलव, असे लिहिले आहे. ते पाळले जाते का, हे दादरच्या भाजीवालीला विचारावे. तरी कायद्यात लिहिलेले आहे, एवढे तरी भांडायला हातात आहे. एलिफंटच्या लोकांना यादीत नाव येण्यासाठीच पहिली लढाई करावी लागली.

२०२१ मध्ये इमारत पाडली गेली. नव्या आराखड्यात दुकाने, महाविद्यालयाची इमारत, उंच मनोरे, आणि नॉर्दर्न लाईनसाठी सरकत्या जिन्यांचे मोठे तिकीटघर आहे. आजवर तिथे लिफ्ट किंवा चक्राकार जिना एवढेच होते, आणि गर्दीच्या वेळी पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभे राहणाऱ्या बायकांचे हाल होत. तेव्हा सरकता जिना हवाच होता, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. मोहिमेतले लोक विचारीत होते ते इतकेच, की त्या जिन्याने वर आल्यावर आमचे दुकान कुठे असेल?

सराईवरून सेंटरमध्ये आलेला जुना हत्ती पाडापाडीआधी काढून कॅसल स्क्वेअरमध्ये नेऊन उभा केला. पाठीवर अंबारी, आणि भोवती मक्याच्या भाकरीचे, केसांच्या वेण्यांचे आणि शिंपीकामाचे गाळे.